पाकोळी (बारकं वटवाघूळ) लागली हाताला, इंजेक्शन घ्यावं लागतं का?

शाहूपुरीकर:
काल रात्री माळ्यावरनं पाकोळी खोलीत शिरली, हाकलताना धाकट्या भावाच्या मनगटाला लागली. दात का नख कळालं नाही, बारीक दोन रेघा हायत, रक्ताचा टिपूस आलेला. आजी म्हणत्यात हळद दाबा, बास. कुत्र्याचं इंजेक्शन माहितीय पण ह्याला काय करायचं? पाकोळी उडून गेली.

वॉर्डातली ताई:
आधी जखम धू भावा. साबण लावून नळाच्या धारेखाली १५ मिनिटं, घड्याळ बघून. काल धुतली नसंल तर आत्ता धू, मग बीटाडीन लाव. हळद, चुना, तिखट काहीच नको. आणि आजच सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, कॅज्युअल्टीत ने, उद्यावर टाकू नको. रेबीजची लस कातडीत देत असतील तर ० (पहिल्या लशीचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडाच्या स्नायूत दिली तर १४ वा दिवस पण येतो. रक्त आलंय म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) द्यायचं का हे विचारच, ते पहिल्या लशीसोबतच द्यायचं असतं. धनुर्वाताचं पण विचार. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजला औषध नाही, म्हणून एवढं सांगतीय.

पन्हाळा ट्रेकर:
एक सांगतो, काही डॉक्टर म्हणतील वटवाघळाला लस लागत नाही, कारण भारतात वटवाघळापासून रेबीज झाल्याचं पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा थेट संपर्क सगळ्यात गंभीर गटात, तिसऱ्या कॅटेगरीत धरते. त्यामुळं "पाकोळी होती, रक्त आलं, पाकोळी सापडली नाही" हे तिन्ही स्पष्ट सांग, नुसतं "खरचटलंय" म्हणू नको.

शाहूपुरीकर:
धुतली आत्ता, निघतोय. ते निपाह विषाणूचं पण ऐकलंय, महाबळेश्वरला सापडलेला ना?

वॉर्डातली ताई:
हो, २०२० मध्ये तिथल्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतलेले, पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्था) त्यात निपाहच्या खुणा मिळाल्या. त्यावर लस नाही. ताप, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं काही वाटलं तर लगेच दाखवा आणि पाकोळीचं सांगा. खोलीत लहान पोरं झोपली होती का? त्यांचं पण अंग नीट बघ, दात एवढे बारीक असतात की खूण दिसत नाही, झोपेत कळत पण नाही. असतील तर डॉक्टरांना त्यांचं पण सांग.

पन्हाळा ट्रेकर:
आणि परत शिरली तर दिवा बंद, खिडकी उघडी, सगळे बाहेर. मेलेली सापडली तरी उघड्या हातानं उचलू नका.