ब्रॅकेट दोनदा निघाला, परत परत ॲसिड लावलं तर मुलीच्या दाताचं इनॅमल (वरचं कडक आवरण) जाईल का?

मानेवाड्याची आई:
नमस्कार. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. दोन महिन्यांआधी तिला तार लावली, साधे मेटलचे ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवतात ते छोटे तुकडे. त्यातला खाली डावीकडे सुळ्याच्या मागच्या दातावरचा ब्रॅकेट दोनदा निघाला, पहिल्यांदा आठ दिवसांतच आणि आता परवा शाळेत डबा खाता खाता, पोळीभाजीच होती, कडक काही खाल्लं नाही म्हणते. डॉक्टर म्हणाले या, परत चिकटवून देतो. पहिल्यांदा लावताना मी बाजूलाच बसून होती, ते निळं जेल काय आहे विचारलं तर म्हणाले फॉस्फोरिक ॲसिड. तेव्हापासून ते डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. पोरीच्या पक्क्या दातांवर ॲसिड, तेही एकाच दातावर तिसऱ्यांदा?

अजून एक, आमचं गाव पांढरकवड्याकडे, ती सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिकडेच बोअरचं पाणी प्यायचो. तिच्या दातांवर पांढुरक्या रेषा आहेत, एकदोन ठिकाणी फिकट तपकिरी डाग, ते फ्लोराइडमुळे आहेत असं डॉक्टरच म्हणाले. आणि आता तेच म्हणतात फ्लोराइडची पेस्ट वापरा. मला काही समजून नाही राहिलं. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

वरोऱ्याचा, आता नागपुरात:
ताई, माझे दात अगदी असेच आहेत, आमच्याकडे वर्गातल्या अर्ध्या पोरांचे असायचे. मी २२ व्या वर्षी तार लावली, सुरुवातीला माझे चार ब्रॅकेट निघाले, प्रत्येक वेळी वाटायचं आपलंच काही चुकून राहिलं, मी तर सफरचंदही कापून खायचो. मग डॉक्टरांनी त्या दातांचा वरचा थर अगदी हलका घासला आणि जेल थोडं जास्त वेळ ठेवलं, त्यानंतर एकही निघाला नाही. म्हणून मुलीला रागवू नका, तिची चूक असेलच असं नाही.

ऑर्थोचा पीजी विद्यार्थी, नागपूर:
ताई, सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या दातांच्या तारेच्या ओपीडीत रोज येतो आणि गर्दीत नीट उत्तर द्यायला वेळच मिळत नाही.

ते जेल साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं असतं आणि १५ ते ३० सेकंदच ठेवतात, मग भरपूर पाण्याने धुवून दात कोरडा करतात. तेव्हा तेवढा भाग खडू घासल्यासारखा पांढुरका दिसतो, म्हणजे इनॅमलला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडली. त्यात प्रायमर नावाचं पातळ द्रव उतरतं, वरून ब्रॅकेटच्या जाळीला लावलेलं कंपोझिट, म्हणजे चिकटवायचा मसाला, दाबून बसवतात, कडेने बाहेर आलेलं पुसून घेतात आणि निळ्या लाइटने पक्कं करतात. यात इनॅमलचा वरचा थर जातो तो १० मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहून कमी. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि समोरच्या दाताचं इनॅमल मधल्या भागात मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे हजार मायक्रॉनकडे. तिसऱ्यांदा लावलं तरी तेवढ्याने दात कमजोर होत नाही. ही पद्धत नवीनही नाही, बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने १९५५ मध्ये दाखवली, तेव्हा तर ८५ टक्के ॲसिड होतं. त्याआधी प्रत्येक दाताला धातूची रिंग बसवायला लागायची, तिच्याखाली अन्न अडकून दात किडायचे.

दुसरं, ब्रॅकेट निघाला म्हणजे दाताचा तुकडा गेला असं नाही. ही पकड मुद्दामच मधली ठेवतात, तारेचा आणि चावण्याचा जोर सहन करेल इतकी, पण काढताना इनॅमल ओढून नेणार नाही इतकीच.

मात्र एकच दात दोनदा म्हणजे कारण शोधायला पाहिजे. निघालेला ब्रॅकेट टाकू नका, सोबत न्या. कंपोझिट दातावर राहिलं असेल तर जोड ब्रॅकेटच्या बाजूने सुटला. दात स्वच्छ आणि सगळं कंपोझिट ब्रॅकेटला असेल तर पकड दातालाच बसली नव्हती, म्हणजे लावताना थुंकी लागली असेल किंवा फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडने दातांवर पडलेले डाग. फ्लोरोसिसच्या दाताचा बाहेरचा थर ॲसिडला दाद देत नाही, म्हणून एचिंग, म्हणजे ते जेल लावणं, जास्त वेळ करतात, वरच्या दादांचं तेच केलं. आणि खालच्या त्या दाताजवळ थुंकी फार येते, तिथे रेझिनवालं ग्लास आयनोमर नावाचं सिमेंटही चालतं, त्याची पकड थोडी कमी पण ओलाव्यात जमतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. हे पण पाहायला सांगा की चावताना वरचा दात त्या ब्रॅकेटवर आदळतो का. पोळीने निघाला म्हणता, तर माझा पहिला संशय त्यावरच आहे.

फ्लोराइडचं असं, की डाग पडतात ते दात हिरडीच्या आत तयार होताना पोटात जास्त फ्लोराइड गेल्याने. १३ व्या वर्षी अक्कलदाढा सोडल्या तर बाकी दात तयार झालेले आहेत, पेस्ट लावून थुंकली तर नवीन डाग पडत नाहीत. उलट तार असताना तिची गरज जास्त आहे.

सक्करदऱ्याची श्रुती:
ताई मी तुमच्या मुलीच्या बाजूने लिहिते, कारण माझी तार मागच्या वर्षी निघाली आणि आरशात पाहून मी रडले होते. जिथे ब्रॅकेट होता तिथे दात व्यवस्थित आणि भोवताली हिरडीकडे पांढरी चंद्रकोर, वरच्या चार दातांना. ॲसिडने नाही, माझ्या ब्रश न करण्याने. कॉलेजमधून आल्यावर काहीतरी खाऊन तशीच झोपायची, उन्हाळ्यात दिवसभर कोल्ड्रिंक नाहीतर संत्र्याचा ज्यूस घोट घोट घ्यायची, घरचंच संत्रं आहे म्हणून काही होत नाही असं वाटायचं. डॉक्टर म्हणायचे ब्रॅकेटच्या वरून वेगळा आणि खालून वेगळा ब्रश फिरव, मी हो म्हणायची. नंतर कळलं की असे डाग चार आठवड्यांतही दिसायला लागतात. काही महिन्यांनी थोडे फिके झाले पण पूर्ण गेले नाहीत. संत्रं खाऊ द्या, पण जेवणासोबत एकदाच, दिवसभर चघळत नको, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच घासायचं नाही, चूळ भरून अर्ध्या तासाने. तारेखाली जाणारा छोटा बाटलीब्रश मिळतो तो तिच्या दप्तरात ठेवा. पहिल्या वर्षी रात्री बाजूला उभं राहून करून घ्या, चिडली तरी. माझ्या आईने तसं केलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

ऑर्थोचा पीजी विद्यार्थी, नागपूर:
श्रुतीने लिहिलं तेच खरं नुकसान, आमच्या हातून मायक्रॉन जातात आणि साचलेल्या अन्नाने त्याच्या कितीतरी पट जातं. तोंडाचा पीएच (कमी म्हणजे आंबटपणा जास्त) ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि ब्रॅकेटच्या कडेला अन्न अडकलेलंच असतं. दर काही महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश लावून मागा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि शेवटी तार काढायच्या दिवशी घाई करू देऊ नका. मेटलचा ब्रॅकेट चिमट्याने तळाशी दाबला की सुटतो, पण राहिलेलं कंपोझिट कार्बाइड बरने (मशीनच्या फिरत्या टोकाने) हळूहळू काढून मग पॉलिश करायला लागतं, डायमंड बरने इनॅमलवर ओरखडे पडतात. फ्लोरोसिसचे दात ठिसूळ असू शकतात, म्हणून सिरॅमिक ब्रॅकेट घेतले नाहीत हे चांगलंच, ते काढताना इनॅमलला तडा जायची भीती जास्त असते.

मानेवाड्याची आई:
आज जाऊन आली. ब्रॅकेट सोबत नेला होता, दात साफ होता आणि सगळं कंपोझिट ब्रॅकेटलाच. कागद चावायला देऊन पाहिलं तर वरचा दात बरोबर तिथेच लागून राहिला होता. डॉक्टरांनी मागच्या दाढांवर निळे छोटे ठिपके लावले म्हणजे तेवढं तोंड उघडं राहील, जेल या वेळी जास्त वेळ ठेवलं, व्हार्निशही लावलं. जेवताना तिला एकदोन दिवस विचित्र वाटेल म्हणाले, आता खिचडी केली आहे. बाटलीब्रश येता येता मेडिकलमधून घेतला. श्रुती, तुझं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, काही बोलली नाही, पण जेवायच्या आधीच ब्रश काढून बेसिनवर ठेवला तिने.