शब्दचर्चा: प्रवाळ ‘विरंजित’ होतात की पांढरे पडतात?

खापरीकर:
मंडळी, नागपूरच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रवाळांवरचे फलक मराठीत लिहून देतोय. एका फलकावर असं आलंय: ‘उष्णता-ताणामुळे प्रवाळांचे विरंजन होते व सहजीवी शैवाल निष्कासित केले जाते.’ व्याकरणाला नाव ठेवायला जागा नाही. पण आठवीतल्या एका पोराला वाचायला दिलं तर तो म्हणाला, “सर, म्हणजे कोणी कोणाला ब्लीच लावलं?” विरंजन, सहजीवी, निष्कासित, उष्णता-ताण, या चारही शब्दांवर मत हवंय. ‘इंग्रजी शब्द तसाच ठेवा’ हा सल्ला कृपया नको, तो शाळेतून आधीच मिळालाय.

मोरभवन:
पोराचं बरोबर आहे. विरंजक चूर्ण म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे मुलं शाळेतच शिकतात. त्यामुळे विरंजन म्हटलं की बाहेरून कोणीतरी काहीतरी टाकून रंग उडवला, असंच डोळ्यापुढे येतं. इथे तसं काही घडत नाही. प्रवाळाचा जीव, म्हणजे पॉलिप, बराचसा पारदर्शक असतो. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, एका चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात. तो तपकिरी-सोनेरी रंग बहुतांशी त्या शैवालाचा. शैवाल कमी झालं की कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा दिसायला लागतो. पांढरं नवीन काही येत नाही, ते खाली होतंच.

मी ‘पांढरे पडणे’ लिहीन. आपण एखाद्याचा चेहरा पांढरा पडला म्हणतो तेव्हा तो मेलेला नसतो. पांढरा पडलेला प्रवाळही जिवंत असतो, फक्त उपाशी. पाणी वेळेत निवलं तर उरलंसुरलं शैवाल पुन्हा वाढतं. ‘विरंजित’ या शब्दात ही परतीची वाट दिसतच नाही.

इतवारीतला सराफ:
विषयांतर वाटेल, पण मुळात प्रवाळ तरी कशाला? पोवळं हा आपला शब्द आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक ‘मूंगा’ मागतं, नागपूरच ते, हिंदी चालायचीच. पण आजीच्या तोंडी पोवळंच असायचं.

मोरभवन:
सराफसाहेब, तुमच्या पेटीतलं पोवळं वेगळं, म्हणून तर भानगड होते. मंगळासाठी अंगठीत बसवतात ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते अंधुक उजेडात वाढतं आणि त्याच्या पेशींत शैवाल राहतच नाही. लाल रंग सांगाड्यातच मुरलेला असतो. म्हणजे फलकावर ‘पोवळी पांढरी पडतात’ लिहिलं तर मुलं आईच्या अंगठीकडे बघत बसतील. दागिन्याला पोवळं, समुद्रात भित्ती बांधणाऱ्याला प्रवाळ, ही वाटणी रुळलेली आहे, ती मोडू नये. (पोवळा साप तिसराच, त्याला या भांडणात ओढू नका.)

दगडफूल:
‘सहजीवी’बद्दल माझं म्हणणं जरा निराळं आहे. शब्द ठेवा, त्याला चिकटलेला गोडवा काढा. लग्नपत्रिकांनी ‘सहजीवन’ इतकं साखरेत घोळवलंय की वाचणाऱ्याला वाटतं, दोघांचं उत्तम चाललंय. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये मूळ संज्ञा रूढ केली तेव्हा अर्थ एवढाच होता: दोन वेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं. परजीवीसुद्धा त्यात मोडत होते. त्यांचं ठळक उदाहरण लायकेनचं, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव. आपल्या सावजी मसाल्यातलं दगडफूल ते हेच, माझं इथलं नावही तिथूनच आलंय. दोघांचाही फायदा असेल तर परस्परोपकार, एकाच्या जिवावर दुसरा पोसला तर परजीविता, आणि दोन्ही सहजीवनाच्याच पोटात.

हा भेद फलकासाठी महत्त्वाचा आहे, कारण पाणी तापलं की नातं एका प्रकारातून दुसऱ्यात सरकतं. एरवी शैवाल उन्हात साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा, कधीकधी ९० टक्क्यांपर्यंत, प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा नायट्रोजन देतो. हा ‘थोडासा’ कळीचा आहे. नायट्रोजन तुटपुंजा असल्यामुळे शैवालाला साखर वापरून स्वतःची संख्या वाढवता येत नाही, म्हणून ती बाहेर पडते. पाणी तापलं की प्रवाळाचा स्वतःचा ऊर्जेचा खर्च वाढतो. तो आपली अमिनो आम्लं जाळायला लागतो, त्यातून अमोनियम, म्हणजे नायट्रोजनच, सुटतं आणि नेमकं तेच शैवालाला मिळतं. शैवाल वाढतं आणि साखर स्वतःकडेच ठेवतं. २०१८ आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हे दिसलंय, तेही रंग जाण्याच्या आधी. म्हणजे प्रवाळ वरून छान तपकिरी आणि आतून उपाशी.

काटोलवाला:
राजेहो, हे तर बटईचं वावर झालं! वावर एकाचं, मेहनत दुसऱ्याची. मालकानं युरिया हात राखून दिला तोवर माल बरोबर घरी येऊन राह्यला. पोतं फुटलं तसं बटईदारानं पीक वाढवलं अन् माल आपल्याच घरी नेला. वावर झकास दिसून राह्यलं, मालकाच्या कणगीत दाणा नाही. अन् ते ‘निष्कासित’ तेवढं काढा बावा, अतिक्रमणवाल्यांची नोटीस आल्यासारखी वाटते.

खापरीकर:
बटई फलकावर घेतो, पोरांना लगेच कळेल. पण मग शेवटी कोण कोणाला काढतं? ‘प्रवाळ शैवालाला हाकलतात’ असं सगळीकडे वाचलंय.

मोरभवन:
‘हाकलतात’ हे अर्धंच खरं. उष्णता आणि कडक उजेड एकत्र आले की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि ती दोघांच्याही पेशींना पोळतात. पुढे एकच गोष्ट घडते असं नाही. प्रवाळाची पेशी शैवाल बाहेर टाकते, कधी शैवालासकट अख्खी पेशीच सुटून जाते, कधी शैवाल आतल्या आत पचवलं जातं. कर्ता ठरवणं अवघड आहे. म्हणून मी ‘फारकत’ सुचवतो. फारकत कोणी घेतली यावर गावभर वाद होऊ शकतो, पण झाली हे नक्की.

दगडफूल:
फारकत झकास. फक्त ती कायमचीच असते असं पोरांना वाटू देऊ नका. काही प्रवाळांत सावरताना वेगळ्या प्रजातीच्या शैवालाचं प्रमाण वाढतं. ड्युरुस्डिनियम नावाचा गट उष्णता जास्त सोसतो, लॅटिनमध्ये ‘ड्युरुस’ म्हणजे टणक. पण तो बहुधा अन्न कमी देतो, त्यामुळे प्रवाळाची वाढ मंदावते.

काटोलवाला:
म्हणजे वाण बदलला, उतारा घटला. ‘वाण’ घ्या, दुसरा शब्द शोधू नका.

वैनगंगा:
शैवाल ठेवा, पण ‘शेवाळ’ होऊ देऊ नका. शेवाळ म्हटलं की विहिरीच्या पायरीवरचं हिरवं निसरडं आठवतं. हे जीव डायनोफ्लॅजेलेट गटातले, एकपेशीय, रंगानं पिवळट-तपकिरी. त्यांच्या जुन्या ‘झूझँथेली’ नावातही ग्रीकमधला पिवळा रंग आहे, हिरवा नाही.

आणि ‘उष्णता-ताण’ हा शब्द मला पास, पण सोबत आकडा दिला नाही तर नागपुरात त्याचा उपयोग शून्य. नवतपात ४५ अंश काढणाऱ्या पोराला ३१ अंशांच्या पाण्याला ताण म्हणालात तर तो हसेल. मोजमाप त्या-त्या जागेच्या मानानं असतं. तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याची नेहमीची सरासरी धरायची आणि पाणी तिच्याहून किमान १ अंशानं वर गेलं की मोजायला लागायचं. किती अंश वर आणि किती आठवडे, याचा १२ आठवड्यांचा हिशोब अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून ठेवते. मी त्याला ‘अंश-आठवडे’ म्हणते. ४ झाले की प्रवाळ बऱ्यापैकी पांढरे पडण्याची शक्यता, ८ झाले की मरायला लागण्याची. १ अंश जास्त, ४ आठवडे. एवढंसं. आपल्याकडे तेवढ्यावर कोणी कूलरही लावत नाही.

खापरीकर:
अंश-आठवडे! हा फलकावर येणार. भारतातलं उदाहरण?

वैनगंगा:
लक्षद्वीप. १९९८, २०१० आणि २०१६, तिन्ही वेळा तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये नोआनं जगभरातली चौथी लाट जाहीर केली, तेव्हाही लक्षद्वीपला फटका बसलाच. प्रवाळ आपल्या राज्यातही आहेत, मालवणच्या समुद्रात. त्यांचा उल्लेख जरूर करा, नाहीतर पोरांना वाटेल हे सगळं ऑस्ट्रेलियातच चालतं.

खापरीकर:
सध्याचा मसुदा: ‘पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अवघा १ अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारं शैवाल यांची फारकत होते. रंग शैवालाचा असल्यामुळे प्रवाळ पांढरा पडतो. तो अजून जिवंत असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल पुन्हा वाढतं, नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतो.’ बटई आणि वाण खालच्या चौकटीत.

मोरभवन:
‘रंग शैवालाचा’ नको, ‘रंग मुख्यतः शैवालाचा’ करा. काही प्रवाळांचे स्वतःचेही रंग असतात. शैवाल गेल्यावर ते निळे-जांभळे झळाळतात, आणि त्यांचा फोटो बघून कोणीतरी विचारणारच की हा पांढरा कुठाय.

काटोलवाला:
‘निवलं’ला हात लावू नका फक्त.