४.५ मिमी जाडीच्या पाइपवर यूटी (अल्ट्रासोनिक तपासणी): रूटचा (वेल्डच्या तळाचा) सिग्नल दोष समजावा की नाही? मदत हवी आहे

सोलापूरकर_उत्तरेत

नमस्कार मंडळी. इथे एनडीटीवाले (जोड न तोडता तपासणारे) बरेच दिसतात, म्हणून विचारतो. सध्या डेन्मार्कमध्ये गरम पाण्याच्या वितरण लाइनवर काम करतोय. (इथली सुमारे दोन तृतीयांश घरं अशा लाइनवरच ऊब घेतात. रस्त्याखाली स्टीलचा पाइप, त्यावर पॉलियुरेथेन फोम, वर काळं प्लास्टिक.) जोडाच्या दोन्ही बाजूंना फोम नसलेला तेवढाच तुकडा हाताला लागतो, आणि पाइपच्या पोटाखाली खड्ड्यात हात जेमतेम शिरतो.

आतापर्यंत रेडिओग्राफी (किरणांनी जोडाचा फोटो) होत होती. हा टप्पा भर वस्तीतला, त्यासाठी अख्खी गल्ली रिकामी करावी लागेल. म्हणून ठेकेदार म्हणतो, यूटी करा. पाइप २१९.१ बाय ४.५, पी२३५जीएच स्टील, सगळं टिग वेल्डिंग.

प्रोब ७० अंश, ४ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल ८ बाय ९. अर्धी स्किप (तिरका ध्वनी आतल्या भिंतीला पहिल्यांदा पोहोचतो ते आडवं अंतर) १२.४ मिमी. कॅप (वेल्डचा वरचा उंचवटा) १० मिमी रुंद, त्यामुळे प्रोब कॅपला चिकटवला तरी अर्ध्या स्किपमध्ये रूट येत नाही. म्हणून ध्वनी आत-बाहेर उसळून पुन्हा आतल्या भिंतीला येतो तिथे, दीड स्किपला, ३७ मिमीवरून बघतो. तिथे जवळजवळ प्रत्येक जोडाला गोलभर सिग्नल, दोन्ही बाजूंनी! हा रूटचा मणी (आत उतरलेला वेल्डचा फुगवटा, दोष नाही) की अपुरं पेनिट्रेशन (तळापर्यंत न भरलेला जोड)? वेल्डर तर शपथेवर सांगतो की रूट भरलंय. आणि या जाडीला मॅन्युअल यूटी कागदावर चालतं का?

दहेजवाला

कागदाचं आधी. वेल्डच्या मॅन्युअल यूटीचं मानक आयएसओ १७६४० हे ८ मिमीपासून पुढे. ३.२ ते ८ मिमीसाठी आयएसओ २०६०१ आहे, पण ते फेज्ड अ‍ॅरेचं (अनेक छोट्या क्रिस्टलांचा प्रोब, बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवणारा). तेव्हा क्लायंटकडून पद्धत लेखी मंजूर झाल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नका, ठेकेदार कितीही घाई करो.

आता सिग्नल. शाळेतला नियम तुम्हाला ठाऊक असेलच: मध्यरेषेच्या अलीकडे पडला तर अपुरं पेनिट्रेशन, पलीकडे गेला तर मणी. जाड प्लेटवर हे छान चालतं. तुमच्याकडे ४.५ हा आकडा मोजलेला आहे की ड्रॉइंगवरचा? जाडीत ०.२ मिमीचा फरक असला तर दीड स्किपला जागा १.६ मिमीच्या वर सरकते. प्रोब घासून ७१.५ अंशांचा झाला असेल तर आणखी ३ मिमी. रूटचा मणीच तीन-चार मिमीचा, मग मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे काय ठरवणार? शिवाय बीम तिथे पोहोचेपर्यंत भिंतीपेक्षा जाड झालेला असतो, कॅपचा इको त्यातच मिसळतो.

रूटपास

कॅपचा इको ओळखायला जेलचं बोट कॅपवर दाबून फिरवा. सिग्नल हलला तर तो कॅपचा. रूटला ही सोय नाही, आतून बोट घालणार कुठे! एका बाजूनेच सिग्नल येत असेल तर हाय-लो बघा, दोन पाइपांची तोंडं वरखाली बसली की असंच होतं. तुमचा दोन्हीकडून येतोय, म्हणजे तो प्रश्न नसावा.

सोलापूरकर_उत्तरेत

धन्यवाद दोघांनाही. त्याच पाइपचे कापलेले तुकडे साइटवर पडलेत. त्यांवर खाच पाडून तुलना करायची तर किती खोल ठेवू?

दहेजवाला

आतल्या बाजूला १ मिमी खोल, १ मिमी रुंद. पण दुसरा तुकडाही बनवा: त्याच वेल्डरकडून पूर्ण भरलेला जोड, आतून डोळ्यांनी बघून खात्री केलेला. खाचेचा आणि चांगल्या मण्याचा सिग्नल स्क्रीनवर सारखेच दिसले, तर ते दोन तुकडे उचलून थेट क्लायंटच्या इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवा आणि फेज्ड अ‍ॅरे मागा. माझा अंदाज, सारखेच दिसतील.

आणि हो, तुमचं सर्टिफिकेट आयएसओ ९७१२ चं आहे ना? आपल्याकडचं कंपनीने दिलेलं एसएनटी-टीसी-१ए तिकडे बहुतेक साइटवर धरत नाहीत. फेज्ड अ‍ॅरेला तर वेगळी पात्रता लागेल.

सोलापूरकर_उत्तरेत

९७१२ लेव्हल २ आहे, पण साध्या यूटीचं. जोडाचा तुकडा सोमवारी करून घेतो. दोन्ही स्क्रीनचे फोटो इथेच टाकतो.