१९६८ ची जीटीओ, वीस वर्षं गॅरेजमध्ये उभी. घ्यावी का आणि सुरुवात कुठून करायची?

नोवीकर

नमस्कार मंडळी, जुन्या गाड्यांवर स्वतः हात चालवणारं कोणी आहे का इथे? मिशिगन-ओहायोकडचं असेल तर जास्त बरं, कारण प्रश्न जरा इथल्या हवेचा पण आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, पॉन्टिॲकच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ आहे. हार्डटॉप, ४०० क्युबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक, रंग तो गडद हिरवा व्हर्डोरो ग्रीन आणि वर काळा व्हिनाइल टॉप (छपरावर चिकटवलेलं रेक्झिनसारखं आवरण). २००३-०४ च्या सुमाराला उभी केली ती तेव्हापासून हललेली नाही. आजोबा आता मुलीकडे ॲरिझोनाला चाललेत आणि म्हणाले तू घे, विकणाऱ्याला द्यायची नाहीये मला, चालवणाऱ्याला द्यायचीय. भाव बाजारापेक्षा बराच कमी सांगितलाय.

मी गाड्यांच्याच क्षेत्रात आहे पण काम सगळं सिम्युलेशनचं, स्क्रीनवर. हाताने ब्रेक पॅड, ऑइल, एकदा अल्टरनेटर एवढंच केलंय. पण ही गाडी बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये खरं सांगतो. दोन गाड्यांचं गॅरेज आहे, बायको एक जागा द्यायला तयार आहे, तिची गाडी हिवाळ्यात बाहेर राहणार नाही एवढीच अट.

आता विचारायचं असं की गाडी खरी आहे की नाही हे कसं ओळखायचं, गंज कुठे बघायचा, आणि पूर्ण सुटी करून नव्यासारखी करायची की आधी नुसती चालती करायची? ऑफिसातला एक मित्र म्हणतो सगळी खोल, फ्रेमपासून कर, नाहीतर हात लावू नकोस. काय करू?

तेलकट_हात (स्टर्लिंग हाइट्स)

मित्रा आधी अभिनंदन, अशी गाडी अशा माणसाकडून मिळणं हे नशीबच. माझ्याकडे ६७ ची आहे, त्यामुळे पॉन्टिॲकचं जेवढं माहीत आहे तेवढं सगळं लिहितो, लांबेल, सांभाळून घे.

पैसे देण्याआधी नंबर बघ. ६८ पासून व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसतो. सुरुवात २४२ ने झाली तर ती जीटीओ म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडलेली आहे. २३७ असेल तर ती लेमान्स, पॉन्टिॲकचंच त्याखालचं साधं मॉडेल, मग वर कितीही जीटीओचे बिल्ले चिकटवलेले असोत. अशा बनवलेल्या गाड्या खूप फिरतात, चालवायला तीच मजा देतात पण किंमत तीच देऊ नये. नंबरात सहाव्या जागी मॉडेल वर्षाचा ८ असतो आणि त्याच्या पुढचं अक्षर कारखान्याचं, पी असेल तर गाडी पॉन्टिॲक गावातच बनलेली. आजोबा त्याच कारखान्यात होते म्हणजे पी असायची शक्यता आहे, विचार त्यांना.

मग इंजिन. ६८ पासून ब्लॉकवर पण गाडीच्या नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असतो, पुढच्या बाजूला टायमिंग कव्हरच्या शेजारी. ग्रीस खरवडून तारेच्या ब्रशने साफ कर आणि टॉर्च तिरका धर, तेव्हा दिसतो. तो जुळला तर इंजिन मूळचं. निळा रंग बघून खूश होऊ नकोस, ३२६ पासून ४५५ पर्यंत पॉन्टिॲकची सगळी व्ही-८ बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात आणि निळा रंग कुठल्याही दुकानात मिळतो. शिवाय पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून व्हीआयएन देऊन कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागव, फी लागते, पण गाडी कुठल्या रंगात, कुठल्या ऑप्शनसकट बाहेर पडली ते छापील मिळतं. शेव्हरोलेवाल्यांना असलं काही सहसा मिळत नाही बरं का, पॉन्टिॲकवाल्यांचं सुख आहे ते.

आता तुझा मुख्य प्रश्न. तुझ्या मित्राचं अजिबात ऐकू नकोस. या भागात कुठल्याही गॅरेज सेलला जा, अर्ध्या सुट्या केलेल्या मसल कार (त्या काळच्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) दिसतील, फ्रेम एकीकडे, बॉडी स्टँडवर, पार्ट खोक्यांत, आणि मालक म्हणतो वेळच मिळाला नाही. त्या सगळ्यांनी पहिल्या उत्साहात शेवटच्या बोल्टपर्यंत खोललेली असते. तू तसं नाही करायचं. आधी थांबली पाहिजे, मग सुरू झाली पाहिजे, मग चालली पाहिजे. रंग सगळ्यात शेवटी. चालणारी गाडी तुला स्वतःच सांगते पुढचं काम कुठलं ते, आणि रविवारी अर्धा तास चालवायला मिळाली की पुढच्या महिन्याचं बळ येतं.

थांबली पाहिजे म्हणजे ब्रेक. वीस वर्षांत व्हील सिलिंडर अडकलेले असणार, आणि रबरी होज आतून फुगून बंद झालेले असतात, बाहेरून एकदम चांगले दिसतात. सगळे बदल, मास्टर सिलिंडर पण. ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ हवेने उडवायची नाही म्हणजे नाही, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं करून पुसायचं, चांगला मास्क लावून.

आणि इंजिनला आत्ता चावी फिरवू नकोस, आजोबा म्हणाले तरी. आठही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं तेल सोड, मी ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं वापरतो, दोन-तीन दिवस राहू दे. मग क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवून बघ, हळू. फिरलं तर अर्धं जिंकलास. अडलं तर जोर लावायचा नाही, अजून तेल, अजून थांब. फिरलं की ऑइल-फिल्टर बदल, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) बाहेर काढ आणि त्या भोकातून शाफ्ट घालून ड्रिलने ऑइल पंप फिरव, ड्रिल उलट दिशेने हं, पॉन्टिॲकचा डिस्ट्रिब्युटर उलटा फिरतो. वर रॉकरपाशी तेल आलेलं दिसेपर्यंत फिरव. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्टार्ट दिलास तर पहिल्या मिनिटात जे घासतं ते परत येत नाही.

पेट्रोलची टाकी खाली उतरव. जुनं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नसतं, त्याचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो आणि वास घेतलास की कळेलच. टाकी नवीनच घे, होज सगळे इथेनॉल सोसणारे टाक कारण इथलं पंपावरचं पेट्रोल बहुतेक १० टक्के इथेनॉलचं आणि जुन्या रबराला ते खातं. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) खोलशील तेव्हा तळाचे प्लग गळतात का बघ, त्याचा ठरलेला आजार आहे तो, इपॉक्सीने बंद करतात.

डेटनची_ताई

वरच्या दादांनी इंजिनचं छान लिहिलंय, मी पत्र्याचं सांगते कारण माझा जीव त्यातच आहे. कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग शिकले ते याच नादात, आमच्याकडे ७० ची शेव्हेल आहे, तुझ्या जीटीओची चुलत बहीण, जनरल मोटर्सची तीच ए-बॉडी.

व्हिनाइल टॉप ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याच्याखाली पाणी अडकतं आणि बाहेरून काही कळत नाही. हाताने दाबत जा, कुठे फुगवटा किंवा कुरकुरीत लागलं तर खाली गंज आहे असं धर. सगळ्यात वाईट जागा मागच्या काचेच्या खालची, स्टीलच्या पट्टीच्या मागे पाणी साचतं आणि तिथून थेट डिकीत उतरतं. म्हणून डिकीतलं मॅट उचल, स्पेअर व्हील काढ, टॉर्च मारून फरशी आणि दोन्ही बाजूचे कोपरे बघ. आत बसून पायाखालचं कार्पेट उचल. मग गाडी नीट स्टँडवर घेऊन (जॅकवर नाही, कधीच नाही) फ्रेम बघ, मागच्या चाकांच्या पुढे-मागे आणि बॉडी माउंटपाशी, स्क्रूड्रायव्हरने टोच. पत्रा वेल्ड करता येतो, पॅनल आजही नवीन मिळतात, पण फ्रेम आत गेली असेल तर मग तो वेगळाच खर्च आहे आणि त्या भावाला सुद्धा मी विचार करीन.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून दोन्ही क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकांवरचा बाजूचा पत्रा) खालच्या भागावरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फक्त नाकाला चुंबक लावू नकोस, ६८ च्या जीटीओचं पुढचं बंपर एन्ड्युराचं आहे, वरून रबरासारखं आणि बॉडीच्याच रंगाचं. त्याला रंग देताना लवचीक करणारं मिश्रण लागतं, नाहीतर तडे जातात. बॉडी शॉपवाल्याला हे आधी विचार, तो गोंधळला तर दुसरीकडे जा.

बॉडी शॉपबद्दल अजून एक. गाडी सगळी उघडी करून कुणाच्या दारात सोडू नकोस. आमची एका दुकानात खूप महिने पडून होती, इन्शुरन्सच्या कामांना तिथे नेहमी पहिला नंबर, कारण त्यात पैसे लगेच मिळतात. टप्प्याटप्प्याने काम द्यायचं आणि टप्प्याटप्प्याने पैसे, लिहून घेऊन. पत्र्याचं काम जमेल तेवढं स्वतः कर. सँडब्लास्टिंग मोठ्या सपाट पत्र्यावर करू देऊ नकोस, उष्णतेने पत्रा लाटा मारतो, बॉनेट-छप्पर तर नक्कीच नाही. आणि जुना रंग घासताना रेस्पिरेटर लाव, त्यात शिसं असू शकतं. घरात लहान मुलं असतील तर त्या कपड्यांनी आत जायचं नाही.

जर्सीतला_सातारकर

माझं थोडं वेगळं मत. ओरिजिनल ठेवा ठेवा सगळे म्हणतात पण गाडी चालवायचीय ना? मग पुढे डिस्क ब्रेक टाक. ६८ ला ते ऑप्शन होतेच त्यामुळे बोल्ट-टू-बोल्ट बसणारं सामान मिळतं, चार ड्रमवर एवढं धूड आजच्या हायवेवर थांबवणं म्हणजे जीव मुठीत. पॉइंट (ठिणगीचा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, झाकणाखाली लपतं, दिसत पण नाही. जुने भाग नाव लिहून खोक्यात ठेव, पुढे परत बसवता येतात. टायर चांगले दिसत असले तरी बदल, बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, ते वाच म्हणजे कळेल.

आणि तेल. या इंजिनात फ्लॅट टॅपेट कॅम आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा सपाट टॅपेटवर घासत फिरतो. आजच्या साध्या तेलात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी केलेलं असतं कारण फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, पण आपल्या गाडीला कन्व्हर्टरच नाही आणि कॅमला ते जस्त लागतं. क्लासिक गाड्यांसाठी वेगळं तेल येतं तेच घाल. पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच. ६८ ला कॉम्प्रेशन १०.७५ होतं, त्याला त्या काळचं शंभर ऑक्टेन लागायचं, म्हणजे आजच्या अमेरिकन पंपावरच्या मोजणीत ९५-९६ च्या आसपास, म्हणून चढावर टकटक ऐकू आली तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं मागे घे, दुर्लक्ष करू नकोस, पिस्टन जातात.

नोवीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल शनिवारी आजोबांबरोबर अख्खी दुपार घालवली. व्हीआयएन २४२ ने सुरू होतो आणि पी आहे!! आजोबा हसून म्हणाले मला माहीत होतं, तू बघायची वाट बघत होतो. ब्लॉकवरचा नंबर पण जुळतोय, टॉर्च तिरका धरायची युक्ती नसती तर मला दिसलाच नसता. फ्रेम ठणठणीत, स्क्रूड्रायव्हर कुठेच आत गेला नाही. डिकीच्या फरशीला मात्र उजव्या कोपऱ्यात हाताएवढं भोक आहे आणि मागच्या काचेखाली ताईंनी सांगितलं तसंच, पट्टीच्या कडेला रंग फुगलाय. गाडी घेतोय, ठरलं.

प्लग काढून तेल सोडून ठेवलंय. अजून एक, आजोबा म्हणाले उभी करायच्या आधी शेवटच्या उन्हाळ्यात टायमिंग सारखं हलायचं, सेट केलं की महिन्यात परत बिघडायचं. त्याचा अर्थ काय?

तेलकट_हात

वा! अर्थ बहुतेक टायमिंग चेन, क्रँक आणि कॅम जोडणारी साखळी. कारखान्याच्या कॅम गिअरला दातांवर नायलॉनचं आवरण असायचं, आवाज कमी यावा म्हणून. वय झालं की ते ठिसूळ होऊन तुटतं आणि तुकडे खाली ऑइल पॅनमध्ये, तिथून पंपाच्या जाळीत. चेन मग ढिली होते आणि टायमिंग कधी इकडे कधी तिकडे.

तपासायचं सोपं आहे. इंजिन हाताने फिरायला लागलं की डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ. क्रँक एका दिशेला हळू फिरव, रोटर हलला की थांब, बॅलन्सरवर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक) खडूने खूण कर. आता उलट दिशेला फिरव आणि रोटर परत हलेपर्यंत किती अंश गेले बघ. दोन-तीन अंश ठीक, आठ-दहा गेले तर चेन संपली. हे सुरू करायच्या आधी कर, कारण चेनने दात सोडला की व्हॉल्व्हचा खेळखंडोबा होतो. नवीन स्टीलच्या गिअरचा डबल रोलर सेट घाल. नायलॉन तुटलेलं दिसलं तर ऑइल पॅन पण काढावाच लागेल, त्यासाठी या बॉडीत इंजिन माउंटवरून थोडं उचलावं लागतं, कंटाळवाणं काम आहे पण टाळू नकोस. पॅन निघालाच आहे तर मागचं मेन सील बदलून टाक, मूळचं दोरीचं असतं आणि सगळ्यांचंच गळतं.

तुझ्याकडे इंजिन उचलायचा हॉइस्ट नसेल, माझ्याकडे आहे. नोवी काही लांब नाही, एखाद्या रविवारी घेऊन येतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मोठी फेरी) असते, पॉन्टिॲकपर्यंत जाते, आजोबा तोपर्यंत इथे असतील तर त्यांना शेजारी बसवून न्यायची अशी माझी फार इच्छा आहे. रंग नसला तरी चालेल.

डेटनची_ताई

डिकीचं भोक ऐकून बरं वाटलं, हाताएवढं म्हणजे काहीच नाही. काच काढायच्या आधी पट्टीच्या क्लिप नवीन मागवून ठेव, जुन्या तुटतातच. आणि हिवाळ्याच्या आत काम संपलं नाही तरी घाई करू नकोस. रस्त्यावर मीठ पडायच्या आधी टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरीला टेंडर (हळू चार्ज करत ठेवणारा चार्जर), आणि एक्झॉस्टच्या तोंडात तारेचा काथ्या कोंब, उंदीर तिथूनच शिरतात. मधेच पाच मिनिटं सुरू करून बंद करायची नाही, आत पाणी साचतं. तुझ्याकडे मिग वेल्डर आहे का? नसेल तर माझ्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर सराव करायला ये एकदा डेटनला, तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे, जेवायलाच या दोघं.