भोपाळचा 337 टन कचरा पीथमपूरला जळाला, मग राख आठशे टनांच्या वर कशी? आणि सुनेने तिथलं बोरिंगचं पाणी प्यावं का?

लोकमान्यनगर_इंदूर (जुलै 2025)

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. मुलगा जवळच्या पीथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. शिफ्टची ड्यूटी, म्हणून तो आणि सून तिथेच भाड्याने राहतात. सुनेला पाचवा महिना लागलाय.

जानेवारीत भोपाळहून युनियन कार्बाइडच्या (1984 ची वायुगळती झाली तो कारखाना) कचऱ्याचे बारा कंटेनर पीथमपूरला जाळायला निघाले, तेव्हापासून मी ही बातमी सोडलेली नाही. 3 जानेवारीला पीथमपूर बंद होतं, आंदोलनात दोन माणसं भाजली. मग हायकोर्टाच्या परवानगीने थोडा थोडा कचरा जाळून चाचण्या झाल्या, सुप्रीम कोर्टाने त्या थांबवायला नकार दिला, आणि 30 जूनला सांगितलं गेलं की सगळा कचरा जळाला, सगळं मर्यादेत आहे. आता वाचते तर राख म्हणे आठशे टनांहून जास्त. 337 टन जाळल्यावर राख कमी व्हायला हवी ना? यजमान म्हणतात, छापायला चुकलं असेल. पण सगळ्याच पेपरांत एकच चूक कशी होईल?

दुसरं, हे ‘मर्यादेत’ कोणी ठरवलं आणि मोजलं कसं?

आणि मला खरं विचारायचंय ते हे. मुलाच्या घरी बोरिंगचं पाणी आहे. सून उकळून पिते. तेवढं पुरे का? मुलगा म्हणतो, आई, धूर संपला, आता कसली काळजी. इथला सावन लागलाय, आपला श्रावण आता येईल, रोज पाऊस आहे, आणि माझ्या डोक्यातून ती राख जात नाही. घाबरवणारे मेसेज कृपया पाठवू नका. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं.

महूकर

ताई, मी केमिस्ट. पीथमपूरच्याच एका औषध कारखान्यात नोकरी झाली, आता महूला घरी असतो. हा कचरा जाळला त्या भट्टीशी माझा कधी संबंध आला नाही, पण घातक कचरा कसा जाळतात ते नोकरीत शिकावं लागलं होतं.

आकडा बरोबर आहे. ‘कचरा’ म्हटलं की आपल्याला कागद, लाकूड आठवतं, जे जळून मूठभर उरतं. भोपाळहून आलेल्यात मोठा वाटा कारखान्याच्या आवारातल्या दूषित मातीचा होता. जोडीला रिॲक्टरमधला गाळ, सेविन या कीटकनाशकाचे आणि नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट तयार झालेला माल. माती जळत नाही. तिच्यातली रसायनं जळतात, माती तिथेच राहते. वर चुना पडतो. क्लोरीन असलेलं काही जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू होतो, गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड. ते चिमणीतून बाहेर जाऊ नयेत म्हणून चुना वापरतात, आणि तो चुना क्षार होऊन राखेतच जमा होतो. धुरातली विषारी द्रव्यं शोषून घ्यायला वापरलेला ॲक्टिव्हेटेड कार्बनही त्यातच. म्हणून वजन वाढलं. यात लपवाछपवी दिसत नाही. उलट राख 337 टनांच्या खूप खाली सांगितली असती तर मला शंका आली असती.

जाळण्याचा हिशोबही मी मांडून पाहिला. आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी 135, 180 आणि 270 किलो या वेगाने. उरलेले 307 टन 5 मेपासून ताशी 270 किलोने. म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा टन, एकूण 47-48 दिवसांचं काम. लागले त्याहून आठवडाभर जास्त. मधले थांबे धरले तर जुळतं.

आता ‘मर्यादेत’. मर्यादा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची. चिमणीतले धूळ, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड वगैरे यंत्रं सतत मोजतात, ते आकडे ऑनलाइन जातात. डायॉक्सिन, म्हणजे जाळताना बनणारं अतिविषारी रसायन, त्याचं तसं नाही. त्यासाठी चिमणीतून काही तास हवा ओढून नमुना घेतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात. मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम, इतकी बारीक. तेव्हा ‘सगळं मर्यादेत’ या एका वाक्यात सतत मोजलेलं आणि अधूनमधून मोजलेलं असं दोन्ही येतं. दोन्हींचे कागद वेगवेगळे मागायला हवेत. भट्टीच्या दुसऱ्या चेंबरमध्ये 1100 अंशांच्या आसपास तापमान टिकलं आणि नंतर वायू झटक्यात थंड केला, तर डायॉक्सिन फारसं बनत नाही. रेंगाळत थंड झाला तर वाटेत पुन्हा बनतं. म्हणून मी नोंदी मागितल्या तर तापमानाच्याच आधी मागेन.

पण ताई, हा सगळा हवेचा भाग झाला आणि तो 30 जूनला संपला. मुलाचं तेवढं खरं आहे. पाण्याचा भाग आता सुरू होतो. शिसं, पारा यांसारखे धातू कितीही तापवले तरी नष्ट होत नाहीत. पारा वाफ होऊन कार्बनवर अडकतो, बाकीचे राखेत उतरतात. राख सध्या गोण्यांत भरून शेडमध्ये आहे, म्हणजे आजच्या पावसात ती भिजत नाही. पुढे ती खास लँडफिलमध्ये, म्हणजे पुरायच्या खड्ड्यात, जाईल: खाली चिकणमाती, एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट, झिरपलेलं पाणी गोळा करायचे पाइप, आणि भोवती निरीक्षणाच्या विहिरी. या विहिरींचे आकडे पुढची पंचवीस-तीस वर्षं दर पावसाळ्यानंतर लोकांसमोर यायला हवेत. सध्या सगळे चिमणीबद्दल भांडतायत, विहिरींबद्दल कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विजयनगर_27

काका, माहिती चांगली आहे, पण चाळीस वर्षांत त्या कचऱ्यात विष उरलं तरी असेल का? मला तरी हे सगळं राजकारण वाटतं. एवढ्याशा कचऱ्यासाठी गाव पेटवायची काय गरज होती?

महूकर

मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे 1984 मध्ये गळलेला वायू, उरलेला नाही, ते पाण्याशी लगेच अभिक्रिया करतं. सेविनही पुष्कळसं विघटित झालं असणार. पण क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं दशकानुदशकं टिकतात, आणि पाऱ्याला वय नसतं. दुसरं म्हणजे ही भट्टी राज्यभरातल्या कारखान्यांचा घातक कचरा वर्षानुवर्षं जाळते आहे. शेजारच्या तारपुरा गावाची पाण्याची तक्रार भोपाळचा कचरा यायच्या आधीपासूनची आहे. त्यांचं कोणी ऐकलं असतं तर जानेवारी वेगळा गेला असता. इंदूरच्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची संघटनाही या जाळण्याविरुद्ध कोर्टात गेली. त्या डॉक्टरांना राजकारणी म्हणवत नाही.

तुळशीनगर_भोपाळ

मी भोपाळची, म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

जो कचरा तुमच्याकडे आला तो आवारातून गोळा करून 2005 मध्ये गोदामात भरून ठेवलेला. तो वीस वर्षं तिथे का पडला? अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातने नाही म्हटलं. नागपूरला न्यायचं ठरलं, विदर्भात विरोध झाला. 2012 मध्ये विमानाने जर्मनीला, हॅम्बुर्गला न्यायची बोलणी झाली, ती तिथल्या लोकांच्या विरोधामुळे फिसकटली. जिथे जिथे लोकांचं ऐकलं गेलं तिथे कचरा गेलाच नाही. शेवटी 126 कोटी रुपये खर्चून, ग्रीन कॉरिडॉर करून तो पीथमपूरला आला. हा पैसा भारत सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा. कंपनीने 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड करून हात झटकले, आणि जादा भरपाईची मागणी सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये फेटाळली. मला या सगळ्यात सर्वांत जास्त संताप याचाच येतो.

आणि ‘भोपाळ स्वच्छ झालं’ असं जे चाललंय ते खरं नाही. 2010 मध्ये नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासात आवारातल्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टनांचा होता. त्यापुढे 337 टन किती, ते तुम्हीच बघा. कारखान्याबाहेरची बाष्पीभवन तळी, जिथे कारखान्याचं सांडपाणी सोडत, तशीच आहेत. आसपासच्या वस्त्यांना हातपंप सोडून नळाचं पाणी मिळावं म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. जमिनीखालचं पाणी एकदा खराब झालं की काय होतं, ते आम्ही पाहतोय. काकू, तुमची काळजी फाजील नाही.

लोकमान्यनगर_इंदूर

महूकर भाऊ, आकड्याचा उलगडा झाला, यजमानांनाही वाचून दाखवलं. तुळशीनगरच्या ताईंचं वाचून फार वाईट वाटलं, हॅम्बुर्गचं मला ठाऊकच नव्हतं. पण बोरिंगच्या पाण्याचं राहिलं.

महूकर

हो, ते राहिलं. उकळून जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटतं तसे ते किंचित दाटच होतात. आरओने बरेचसे निघतात, पण फिल्टर वेळेवर बदलला तरच. सुनेला पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला बोरिंग बंद करा, नळाचं किंवा आरओचं द्या. अंघोळ, कपडे यांना हरकत नाही. हे मी भोपाळच्या राखेमुळे सांगत नाही, ती अजून जमिनीत गेलेलीही नाही. औद्योगिक क्षेत्रातलं बोरिंग गरोदर बाईने तपासल्याशिवाय पिऊ नये, एवढंच.

तपासणी आत्ताच करून घ्या. राख पुरायच्या आधीचा आकडा हातात असेल तर पुढे बदल दाखवता येईल. नाहीतर दहा वर्षांनी ‘आधीपासूनच असं होतं’ म्हणतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पीएचईच्या (सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या) नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू एवढंच बघतात. तुम्हाला पारा आणि शिसंही बघायचंय, त्यासाठी इंदूरमधली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची लॅब गाठा. पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम, शिशाची 0.01. रिपोर्टवर हेच एकक आहे ना ते पाहा.

लोकमान्यनगर_इंदूर

मुलाशी बोलले. उद्यापासून पाण्याचे जार लावतोय. सुनेला सातव्या महिन्यात इथे आणायचं ठरलं, तिचीही तीच इच्छा होती, बोलत नव्हती इतकंच. त्यांच्या चाळीतल्या आणखी चार घरांना तपासणीत घ्यायचंय, खर्च वाटून. नमुना घरच्या काचेच्या बाटलीत घेतला तर चालेल का?

महूकर

नको. बाटल्या लॅबकडूनच मागवा. धातूंसाठी ॲसिड घातलेली वेगळी असते, सेंद्रिय रसायनांसाठी गडद काचेची वेगळी. मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग टाकीतून न घेता थेट पाइपच्या तोंडाशी भरा, आणि त्याच दिवशी बर्फात ठेवून पोचवा. पाचही घरांच्या बोरिंगची खोली विचारून चिठ्ठीवर लिहा. खोली माहीत नसेल तर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येणार नाही.