अभ्यासाला लो-फाय नको, ॲम्बिएंट लावा: पटतंय का?

घोडबंदरकर
ऑनलाइन चोवीस तास चालणारं लो-फाय (मंद ठेक्याचं, जरा खरखरीत संगीत) अभ्यासाला कुचकामी आहे. दोन-अडीच मिनिटांत तुकडा बदलतो, मध्येच सिनेमातला एखादा संवाद घुसतो. पाठांतर करताना कानावर शब्द पडले की कलमांचे क्रमांक हमखास इकडचे तिकडे होतात. त्यापेक्षा ॲम्बिएंटचा, म्हणजे जवळपास ठेका नसलेल्या संथ संगीताचा, अख्खा अल्बम लावा. सुरुवातीला ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा १९७८ चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. चारच तुकडे, पाऊण तासाहून थोडा मोठा. टेपची कमी-जास्त लांबीची वेटोळी एकाच वेळी फिरवलीत, त्यामुळे सूर तेच असले तरी त्यांची जुळणी बदलत राहते. ऑटोप्ले बंद ठेवा, म्हणजे अल्बम संपला की विश्रांती. गजर लावायची गरज नाही.

वाशी_सेक्टर_१७
अजिबात पटलं नाही. दुपारी जेवणानंतर ईनो लावला तर माणूस अर्ध्या तासात आडवा! अकाउंट्सच्या नोंदी, गणितं, कोडिंग यांना ठेका लागतोच. टायको या अमेरिकी संगीतकाराचा ‘डाइव्ह’ (२०११) हा अल्बम घ्या. गिटार, सिंथ (सिंथेसायझर), एकसारखे ड्रम्स, गाण्याचे शब्द जवळपास नाहीतच. लो-फायमध्ये शब्द येतात ही तक्रार खरी, पण त्यावर उपाय आहे. ७० ते ९० बीपीएमचे (मिनिटाला तितके ठोके) वीसेक ट्रॅक एकदा नीट ऐकून निवडा, बोलणं असलेले काढून टाका, क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना पुढचा सुरू होणं) सहा सेकंदांवर ठेवा. यादी आयती घेतली की असं होणारच.

घोडबंदरकर
क्रॉसफेड अल्बमला मात्र लावू नका, जोड बिघडतात. तिथे शून्य.

कळवा_खाडी
परदेशी नावंच कशाला? आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्येच रोलंड कंपनीच्या ३०३ या बेस-सिंथवर आणि ८०८ या ड्रम मशीनवर राग वाजवलेत.

वाशी_सेक्टर_१७
रेकॉर्ड भन्नाट, पण डिस्कोच्या ठेक्यावर धावते. त्यावर भांडी घासा, अभ्यास नको. आणि बोर्ड्स ऑफ कॅनडा या स्कॉटिश जोडीचा १९९८ चा अल्बम कुणी सुचवायच्या आत सांगतो: त्यातल्या ‘ॲक्वेरियस’मध्ये एक बाई आकडे मोजत बसते. बेरीज करताना लावून बघाच.

ऐरोली_अभ्यासिका
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. पाठांतराला शांतताच उत्तम, संगीत फक्त आजूबाजूचा आवाज झाकायला. हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग ठाणे–वाशी लोकलची घरघर किंवा एसीचा गुणगुणाट छान कापतं, पण शेजारच्या टेबलावरची कुजबुज तितकी कापत नाही, कारण ते खालच्या, एकसलग आवाजांवर चांगलं चालतं. त्या कुजबुजीवर संथ सिंथचा थर किंवा ब्राउन नॉइज (धबधब्यासारखा खोल, एकसलग आवाज) हलकेच पसरवा. आवाज वाढवून शेजाऱ्यांवर मात करायला जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, तीही आठवड्याला ४० तास. परीक्षेच्या दिवसांत तेवढे तास सहज भरतात.

घोडबंदरकर
झाकायचंच असेल तर हा ॲम्बिएंटच्या बाजूचा मुद्दा झाला. ठेक्याच्या फटींतून कुजबुज ऐकू येतेच.

ऐरोली_अभ्यासिका
त्यापुरतं मान्य. पण मग नवीन शोधत बसू नका, तासभर त्यातच जातो. कोम्पाक्ट या जर्मन रेकॉर्ड कंपनीची ‘पॉप ॲम्बिएंट’ ही संकलनांची मालिका २००१ पासून चालू आहे. एक संकलन रविवारी ऐका, त्यातले आवडलेले कलाकार लिहून घ्या आणि त्यांचे अल्बम डाउनलोड करा. अभ्यासाच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर.

वाशी_सेक्टर_१७
रविवारचं कबूल. दुपारी तीनला मात्र माझ्याकडे ड्रम्सच वाजणार.