हळदीचा कागद, नानखटाई, केक : या आठवड्यातली चर्चा (घोडबंदर रोड, ठाणे)

सी-६०२: बुधवारी सातवीचा आम्ल-आम्लारीचा प्रयोग, शुक्रवारी चौथीच्या आनंदमेळाव्याला ४० नानखटाया आणि शनिवारी वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक. कोणी प्रमाण सांगेल का?

ए-३०४: हळदीचा कागद आजच करा ताई. हळद पाण्यात दाट कालवून टिपकागदावर फासायची, सावलीत वाळवून पट्ट्या कापायच्या. साबणाच्या पाण्याने लाल होतो. लिंबाने मात्र पिवळाच राहतो, म्हणजे आम्ल ओळखायला हा कागद निकामी. बाई हे हमखास विचारतात. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी सोबत द्या: लिंबाने गडद गुलाबी, साबणाने हिरवं.

बी-१००१: खायचा सोडा चालेल ना?

ए-३०४: चालेल, पण आम्लारी म्हणून फिका, रंग साबणाइतका खुलत नाही. बेकिंग पावडर देऊ नका, त्यात सोड्याबरोबर आम्लही असतं. मुलं डबे बदलतात.

डी-२०१: केकचंही तेच. सोड्याला दह्याचं आम्ल लागतं. १ कप दही, पाऊण कप साखर फेटा. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा घालून ५ मिनिटं ठेवा, फेस येईल. मग अर्धा कप तेल, व्हॅनिला, शेवटी चाळलेला दीड कप मैदा. मैदा पडला की जास्त घोटायचं नाही, केक चिवट होतो. ७ इंची डब्यात १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. ओव्हन आधी तापलेला हवा. मिश्रण ताटकळलं की फुगे निघून जातात. सोडा वाढवला तर केक जास्त फुगत नाही, साबणासारखा लागतो.

बी-१००१: काकू, मध्ये खचतो तो का?

डी-२०१: दार लवकर उघडलं म्हणून. पहिली २५ मिनिटं हात लावू नका. कुकरमध्ये करणार असाल तर रिंग आणि शिट्टी काढा, तळाला मीठ, वर स्टँड, मंद आचेवर ४५ मिनिटं.

सी-६०२: आणि नानखटाई?

ए-३०४: ४० नगांना मैदा ३०० ग्रॅम, बेसन ७५, रवा ४०, पिठीसाखर २००, तूप २२५, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलची, चिमूटभर मीठ. २० ग्रॅमचे गोळे करा, दोन-चार जास्त होतील, ते घरचे! तूप थिजलेलंच घ्या. पातळ तुपाने नानखटाई ट्रेमध्ये पसरते. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेटा, पीठ घालून फक्त गोळा होईल इतकंच एकत्र करा, मळू नका. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप वाढवा, पाणी नको. फ्रिजमध्ये २० मिनिटं, मग १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढताना मऊच असते, कच्ची समजून परत ठेवू नका. जाळीवर गार झाली की खुसखुशीत होते.

ई-५०३: पिठीसाखर घरीच दळा, पण चाळून घ्या. दाणे राहिले की भेगा पडतात. भेगा छानच दिसतात म्हणा, तुटल्या की मात्र स्टॉलवर कोणी घेत नाही.

सी-६०२: गुरुवारी रात्री करून ठेवू?

ए-३०४: हो, पण पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. आत वाफ राहिली तर सकाळी मऊ. तसं झालंच तर १५० अंशांवर ५ मिनिटं. खालीवर बटर पेपर घाला, बसमध्ये घोडबंदरचे धक्के बसतातच.

ई-५०३: डब्यावर तूप, मैदा, बेसन लिहून चिठ्ठी लावा, काही मुलांना गहू आणि दूध चालत नाही.